फळ्यावरची लाल फुली

गुरुजी, शाळा सुटून अर्धा तास झालाय आणि मी अजून तिसरीच्या वर्गातच बसलेय. समोर फळा आहे. तुमच्या वेळचा काळा, पोपडे निघालेला नव्हे. हा भिंतीवरचा मोठ्ठा टीव्हीच समजा, पण बोटानं लिहिता येतं, बोटानं पुसता येतं, उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतो आणि चुकलं की लाल फुली मारून 'टँऽ' करतो. तुम्ही आज असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "खडूची धूळ न्हाई, मग मास्तर वळखायचा कसा?" पण आज मला हसू येत नाही. परवा सकाळी माझ्या वर्गातली एक पोरगी शाळा सोडून आईबापाच्या मेंढरांमागं निघून जाणार आहे, आणि ती जाणार ती माझ्यामुळं.

हा फळा आणायला मी काय काय केलं ते गावाला विचारा. सरपंचांच्या ओट्यावर ठाण मांडून बसले, कनेरगाव नाक्यावरच्या ढाबेवाल्यांकडं पदर पसरला, तालुक्याला खेटे घातले. फळा आला तेव्हा लेकरांच्या आधी मीच नाचले. मग बसवायच्या वेळी मुख्याध्यापक सर म्हणाले, "पोरं हात लावून घाण करतील, जरा वर घ्या." मीही मान डोलावली. लेकरांनी हात लावावा म्हणून आणलेला फळा लेकरांचा हात पुरणार नाही असा टांगला, अशी आमची अक्कल! तेव्हापासून तिसरीची लेकरं टाचा उचलून गणितं सोडवतात.

मागच्या मंगळवारी मोठे साहेब बघायला आले. मी पाच लेकरं तयार करून ठेवली होती, कुणी काय सोडवायचं तेही ठरलेलं. तालीमच म्हणा ना. पण साहेबांनी माझ्या पाचांकडं पाहिलंच नाही, थेट शेवटच्या ओळीत बोट दाखवलं, "ती पोरगी येऊ दे." ती मेंढपाळाची. दिवाळी झाली की आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ही आजीजवळ राहते, कारण पहिलीपासून मी त्या घरी हट्ट धरून बसलेय की हिला न्यायचं नाही. गणितात वाघीण आहे. मेंढरं सांजच्याला घरी आली की मोजायचं काम तिचंच. पण बोलत नाही, आणि परक्या माणसापुढं तर अजिबातच नाही.

फळ्यावर बेरीज आहे, छत्तीस आणि सत्तावीस. खाली चार उत्तरं, एकाखाली एक. थंडीचे दिवस, तिच्या अंगात थोरल्या भावाचा स्वेटर, बाह्या बोटांच्याही खाली लोंबणाऱ्या. ती बाही मागं सारते, टाचा उचलते, त्रेसष्टकडं बोट नेते. बोट पोचायच्या आधी बाही घसरते आणि तिचं टोक खालच्या त्रेपन्नला लागतं. ह्या फळ्याला बोट काय आणि लोकर काय, सगळं सारखंच. टँऽ. लाल फुली. वर्ग खदखदून हसला. साहेब म्हणाले, "हातचा विसरली." ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "बाई, मी न्हाई दाबलं ते." आणि मी, गुरुजी, मी म्हणाले, "हातचा विसरलीस ना? बस खाली."

मी बाही लागताना बघितली होती. नंतर उमगलं वगैरे काही नाही, त्याच घडीला बघितली. पण साहेबांपुढं फळा चुकला असं कसं म्हणायचं? एवढे खेटे घालून आणलेला, गावानं हातभार लावलेला फळा! पोरगी चुकली म्हणणं सोपं होतं. साहेब शेरेबुकात लिहून गेले, फळ्याचा वापर उत्तम, मात्र तिसरीतील एका विद्यार्थिनीस साधी बेरीज येत नाही, लक्ष द्यावे. सरांनी ते व्हरांड्यात मोठ्यानं वाचलं, अख्ख्या शाळेनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोरं तिला 'हातचा, हातचा' म्हणून चिडवायला लागली. गुरुवारपासून ती आलीच नाही.

आता तुमचं सांगते. चौथीत असताना पाटीवरचं गणित मी शेजारणीचं बघून केलं म्हणून तुम्ही मला पट्टी मारली होती, आठवतं? सगळ्या वर्गापुढं थुंकी लावून माझी पाटी पुसलीत. मी बघून केलं नव्हतं. दोन दिवसांनी शेजारणीनंच तुम्हाला खरं सांगितलं, आणि त्या सांजेला तुमची सायकल आमच्या दारात. तुम्ही माझ्यासाठी कंपासपेटी आणली होती. मी दाराआड उभी. आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही चहा प्यालात, सिद्धेश्वरचं पाणी कालव्याला कधी सुटतं ते बोललात, "पोरगी हुशार हाय तुमची" म्हणालात, आणि टांग मारून निघून गेलात. ती कंपासपेटी मी रागानं चुलीमागं फेकली होती. आई ओरडली तरी उचलली नाही. इतकी वर्षं तुमच्यासारख्या चांगल्या मास्तरावर मनातल्या मनात एवढा एक राग धरून राहिले, की तोंडानं एक शब्द बोलायला काय जात होतं?

शनिवारी मी तिच्या घरी गेले. रंगीत पेनांचा डबा घेऊन. आजीनं गोणपाट टाकलं, चहा ठेवला. "काहून आल्या बाई एवढ्या लांब? लेकरू शाळंचं नावच घेऊन न्हाई राहिलं. मायबापासंग जाते म्हन्ते." मी चहा प्याले. यंदा मेंढरं कुठं बसवणार ते विचारलं. कोकराच्या पायाला लागलंय ते बघितलं. "पोरगी हुशार आहे, पाठवा तिला" म्हणाले आणि गाडीला किक मारून परत आले. कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं की मी काय करून आले, गुरुजी. इतकी वर्षं तुम्हाला जे सुनावत होते ते सगळं माझ्याच पदरात.

रविवार असाच गेला, भाकरी करपल्या, नवऱ्यावर उगाच खेकसले. आज परिपाठ झाल्याझाल्या वर्गाला सांगितलं, त्या दिवशी ती चुकली नव्हती, फळा चुकला, आणि मी ते बघून गप्प बसले. मग दुपारच्या सुट्टीत गेले. बाप घोड्यावर घालायच्या गोण्या भरत होता, आई घोंगड्या झटकत होती. ह्या वेळी चहाला नाही म्हणाले. उभ्या उभ्याच, आईबापाच्या आणि आजीच्या देखत म्हणाले, "त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. मला माहीत होतं. तरी मी तुला खाली बसवलं. माझं चुकलं." आजी म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, लेकरावानी काय रडून राहिल्या!" तेव्हा कळलं की मी रडतेय. बापाला तर काय करावं तेच सुचेना, तो गोणीची गाठ सोडून परत बांधायला लागला.

पोरगी मात्र रडली नाही. कोकराला मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "साहेबाला सांगितलं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"त्यांनी पुस्तकात लिवलंय."

"व्हय."

"मग त्यांना सांगा. मग येते मी."

बाप म्हणाला, आम्ही परवा सकाळीच निघतो, लेकराचं काय ते तोवर ठरवा. मी त्याच्यापुढं शब्द देऊन आले की आजच सांगते.

साहेबांचा नंबर सरांकडून घेतलाय. ते पाचपर्यंत कचेरीत असतात. आपल्या शाळेचं नाव नमुना शाळा म्हणून वर पाठवायचं त्यांच्या मनात आहे, आणि मी सांगायचं की साहेब, त्या दिवशी तुमच्यापुढं मी खोटं बोलले. नोकरीत एवढी वर्षं काढली, तरी साहेब म्हटलं की मी अजून खुर्चीवरून उठून उभी राहते. सुट्टी संपल्यावर लगेच लावते म्हणाले. मग तास संपल्यावर. मग शाळा सुटल्यावर. शाळा सुटली आणि मी कागद ओढून तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही काही म्हणणार नाही. पाचला दहा कमी आहेत, गुरुजी, आणि मी अजून फोन लावलेला नाही.