उजव्या बाजूचा आवाज

मात्सुमोतो, ९ नोव्हेंबर

ती. तोकिएताईस,
इसामूचा शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. माझा रिसीव्हर, म्हणजे सिनेमाचा आवाज खोलीतल्या पाच स्पीकरांना वाटून देणारा डबा, परवा जळका वास सोडून कायमचा गप्प झाला. मासुयो गेल्यापासून संध्याकाळी घरात तोच तेवढा बोलत होता. आता मिसोचं सार भुरकलं तरी माझा मीच दचकतो.

दुकानातल्या पडद्यासमोर बसून दोन पसंत केलेत. काळा दणकट, सिनेमातलं विमान थेट डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं. चंदेरी नाजूक, पण माणसांचं बोलणं स्वच्छ. तीन खेपा झाल्या, ठरत नाही. कारण दोन्हींची उजवी बाजू मरतुकडी! नोझोमी नावाची विक्रेती म्हणाली, आजोबा, मला तर दोन्हीकडून सारखंच ऐकू येतंय. मी सुनावलं, चाळीस वर्षं सिनेमागृहात रिळं चालवलीत, मला आवाज शिकवू नकोस. बिचारी वाकून वाकून माफी मागत राहिली.

तुझं मत कळव. माया आटू देऊ नकोस.
तुझा इसामू

कानाझावा, १४ नोव्हेंबर

चि. इसामूस,
अनेक आशीर्वाद.

एका डब्यासाठी तीन खेपा! बायको म्हणून मासुयोला तर एका भेटीत पसंत केलं होतंस. इकडे खेकड्यांचा हंगाम सुरू झालाय. एकटीसाठी आख्खा खेकडा काय आणायचा, म्हणून बाजारात नुसती फिरून येते.

एक विचारते, चिडू नकोस. दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे एकाच बाजूने मुके कसे रे? पुन्हा जाशील तेव्हा पडद्याकडे पाठ करून बस आणि ऐक. आणि त्या पोरीची माफी माग. तुझा आवाज चढला की समोरच्याचं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

जेवण वेळेवर घे. जीव तुझ्याकडे लागलेला असतो.
तुझी ताई

मात्सुमोतो, २४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पाठ करून बसलो. खोलीतली मघाची डावी बाजू उजवीकडे आली आणि तीही गप्प झाली. डबे दोन्ही चांगले आहेत, ताई. कान माझा गेलाय.

नोझोमीची माफी मागितली. तिने चहा आणून दिला, डाव्या बाजूने.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. गेलेलं परत येणार नाही, पण यंत्राने भागेल म्हणाले. त्यांनी विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही? मला सांगता येईना. सोफ्यावर मासुयो उजवीकडे बसायची. ती गेल्यावर त्या बाजूने मला कुणी हाकच मारली नाही. कळणार कसं?

रिसीव्हर घ्यायचा विचार सोडलाय. काळजी नसावी.
इसामू

कानाझावा, २८ नोव्हेंबर

चि. इसामूस,
आशीर्वाद.

विचार सोडलाय म्हणे! चंदेरी घे. विमानं काय, कशीही ऐकू येतात. माणसांचं बोलणं कळलं पाहिजे.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. आठवडाभर राहीन, गादी उन्हात घालून ठेव. रोज एक सिनेमा दाखव. मी मध्येमध्ये विचारणार, हा कोण, ती का रडतेय. तेव्हा न कंटाळता सांगायचं, आणि मोठ्याने सांगायचं. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. तीन वर्षं झाली. सांगायला कुणी नव्हतं.

भेटीअंती बोलूच.
तुझी ताई