मयुराच्या कानात

३ फेब्रुवारी, सोमवार

"तुला प्रश्न फार छान पडतात गं, पण तू पडद्यावर आलीस की माणूस चॅनल बदलेल."

एकवीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या संपादकांनी हे सांगितलं होतं. कॅमेरा टेस्ट झाली होती. आईची मोतिया साडी नेसून गेले होते. ते रागावून बोलले नाहीत, अगदी मायेनं बोलले. वर चहा पाजला. मी हसलेसुद्धा. तेव्हापासून मी कॅमेऱ्याच्या मागे आहे.

आज आठवलं, कारण सदर भागातल्या सिग्नलला होर्डिंग लागलंय. मयुराचा चेहरा, बसएवढा. हाताची घडी, एक भुवई जराशी वर. खाली लाल अक्षरं — प्रश्न मयुराचे. रोज संध्याकाळी सात. सिग्नल नव्वद सेकंदांचा. स्कूटीवर बसून नव्वद सेकंद तेच बघितलं. हिरवा झाला तरी हलले नाही, मागचा ऑटोवाला ओरडला.

प्रश्न मयुराचे नाहीत. माझे आहेत.

काम असं चालतं — ती स्टुडिओत, मी काचेच्या अलीकडे कंट्रोल रूममध्ये. माझ्यापुढे एक माइक आणि त्याचं बटण. बटण दाबून धरलं की माझा आवाज फक्त तिच्या कानात जातो. आज पाणीपुरवठ्याचे एक साहेब आले होते. आकडे सांगत होते, थांबतच नव्हते. मी म्हटलं, "विचार, साहेब, तुमच्या घरी नळ किती वाजता येतो?" दोन सेकंदांनी तिनं विचारलं. साहेब मग पाणी प्यायले.

तीन वर्षं हेच. तिच्या तोंडून माझं वाक्य निघतं आणि निघता निघता तिचं होतं. बाळंतपण माझं, बारसं तिचं.

५ फेब्रुवारी

आज जेवताना आई.

"ऐकलं काय वं परवा? 'तुमच्या घरी नळ किती वाजता येतो!' त्या सायबाचं तोंड पाहासारखं झालं. मोठी तल्लख पोरगी हाय."

"हो."

"तुमच्याच हापिसातली न ते? शिक काही तिच्यापासून. इतके वर्ष झाले तुले, करतं काय तू तिथं?"

"माइकचं बटण दाबते."

"मंग बराबर हाय," म्हणाली, आणि वरणावर लिंबू पिळलं.

कार्यक्रम संपताना माझं नाव येतं. रीना, आडनाव, निर्माती. दोन सेकंदही टिकत नाही. तेवढ्यात आई रिमोट शोधत असते.

७ फेब्रुवारी

मयुरानं केस कापले. छान दिसतात. दिवसभर मान दुखली माझी.

११ फेब्रुवारी

मेकअप रूममध्ये गेले होते, कागद द्यायला. मयुरा डोळे मिटून बसली होती, पापण्यांवर ब्रश चालू. पावलावरून ओळखलं मला.

"ताई, डब्बा उघडा न तो. बाबांनी पाठवली संत्रा बर्फी. तुमच्यासाठी वेगळी ठेवून राहिली मी, नाहीतर हे सारे संपवतात."

सावनेरकडची. वडिलांचं बियाण्याचं दुकान. आली तेव्हा कॅमेऱ्यासमोरही 'मले', 'तुले', 'काहून' चालायचं. ते मी काढलं. सहा महिने, रोज एक तास, पेन्सिल दातांत धरून वाचायला लावून. आता ऑन एअर असते तेव्हा पुण्याची वाटते. लाइट बंद झाले की पुन्हा सावनेर.

"ताई, तुम्ही कानात असल्या न, मले कोणाचीच भीती नाही वाटत."

बर्फी गोड होती. तिचा राग यावा असं ती काहीच करत नाही. थोडी तरी उर्मट असती, मला 'अहो मॅडम' म्हणाली असती, माझे प्रश्न स्वतःचे म्हणून सांगत फिरली असती तर सोपं झालं असतं. नाही करत. कुणी वाहवा केली की म्हणते, "आमच्या रीनाताईंना विचारा." लोकांना तो विनय वाटतो. त्याचीही वाहवा होते.

१४ फेब्रुवारी

मयुरानं जिन्यात ओढून नेलं मला.

"मुंबईवाले गुरुवारी आपला शो लाइव्ह पाहणार हायेत. त्यांच्या नऊच्या बुलेटिनले अँकर पाहिजे. कोणाले सांगू नका न ताई. गिरिधर सरांनाच फक्त माहीत हाय." गिरिधर सर म्हणजे आमचे संपादक. "तुम्ही आहात न गुरुवारी?"

"आहे न."

"मंग झालं."

मंग झालं! घरी येईपर्यंत तेच दोन शब्द डोक्यात. मुंबईवाले काय बघणार आहेत? माझं डोकं, तिच्या चेहऱ्यात बसवलेलं. तो चेहरा मुंबईला जाईल. डोकं इथेच बेसाच्या घरी, आईसोबत, वरण-भात.

तिचं भलं व्हावं असं वाटतं का मला? खरं लिही. वाटतं. पण माझ्या डोळ्यांसमोर नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आरशासमोर उभी राहून प्रश्न विचारले. सरळ आरशात बघून, भुवई उचलून. आवाज चांगला आहे माझा, अजूनही. चौथ्या प्रश्नाला आई बाहेरून — "कोणाशी बोलून राहिली वं?"

"फोनवर आहे."

फोन आईच्या हातात होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाहुणे नत्थूजी. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहतात, क्रेन चालवून निवृत्त झाले. मुलगा अमोल वेल्डर, एजंटमार्फत परदेशी गेला. पाच महिने फोन नाही. इस्त्री केलेला पांढरा सदरा, मांडीवर फायलींची पिशवी. मी सात प्रश्न काढले होते. पोलिसांत तक्रार, कराराची प्रत, एजंटचा परवाना. चांगले होते प्रश्न.

दोन झाले. तिसऱ्यापासून लाइन गेली.

मी प्रश्न देत होते, मोठ्यानं देत होते, तिला ऐकू जात नव्हतं. मयुरानं डाव्या कानातलं यंत्र दोनदा चाचपलं. ऐकू येत नसेल तेव्हाची आमची खूण. पुन्हा चाचपलं. मग "तक्रार कधी केली?" हे दुसऱ्यांदा विचारलं. नत्थूजींनी बिचाऱ्यांनी तारीख पुन्हा सांगितली. गिरिधर सर माझ्या पाठीशी उभे — "काय होतंय? दुर्गेश, काय होतंय?" दुर्गेश, आमचा साउंडवाला, टेबलाखाली शिरला होता, वायरी हातात.

ती बुडत होती. मुंबई बघत होती.

मग तिनं हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

"काका, जेवले काय तुम्ही आज?"

माझ्या सहा महिन्यांच्या पेन्सिली पाण्यात. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. स्टुडिओत आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली त्यानं.

"नाही बेटा. जेवाले बसलो अन् फोन आला तं? हात खरकटा राह्यते."

"अन् काकू?"

"ते त्याच्या इथल्या नंबरले दर महिन्याले रिचार्ज मारते. बंद हाय तो नंबर. मी म्हणतो काहून वं? तं म्हणते, पोरानं कधी चालू केला अन् बॅलन्स नसन तं?"

मयुरा काही बोलली नाही. सात सेकंद. टीव्हीवर सात सेकंद म्हणजे केवढं तरी. मी पुढचा प्रश्न दिला असता. परवान्याचा.

अकरा मिनिटं लाइन बंद होती. ती अकरा मिनिटं तिची एकटीची.

२१ फेब्रुवारी

ती क्लिप सगळीकडे. नत्थूजींना सरकारी कचेरीतून फोन आला, फाइल मागवली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आईनं क्लिप तीनदा बघितली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "हे शिकवून नाही येत वं."

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. नंतर बघितलं तर वीस झाल्या होत्या. दोघीच आहोत घरात.

२४ फेब्रुवारी

दुर्गेशनं तीन दिवसांत एकेक वायर उघडून बघितली. एकोणीस वर्षं आम्ही शेजारी बसतो. पन्नाशीचा आहे, माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घेणारा एकटाच माणूस.

"सारं ठीक हाय ताई. लाइन जालेच नाही पाहिजे होती. मलेच समजून नाही राहिलं."

गिरिधर सर केबिनमधून — "मुंबईवाले बघत असताना अकरा मिनिटं! नशीब पोरगी हुशार निघाली." दुर्गेशचं कंत्राट महिनाअखेर संपतं. पुढचं करणार नाहीत.

तो म्हणाला, "माझंच काही चुकलं असन. वय झालं हाताचं."

मी त्याला चहा आणून दिला.

२५ फेब्रुवारी

झोप नाही. आई म्हणते पित्त आहे.

२७ फेब्रुवारी

निवड झाली मयुराची. केक आला, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, जोरात. हात लाल होईपर्यंत.

मग पुन्हा जिना.

"ताई, मी त्यांना एकच अट घातली. म्हटलं, माझ्या कानात रीनाताईच पाहिजे. ते हो म्हणाले. चालता न?"

मी कठडा धरला. "तुला गरज काय माझी? माझ्याविनाच तर जिंकलीस."

"लोकायले काय समजते? त्या दिवशी माझा जीव जाऊन राहिला होता ताई. म्हातारा समोर, कानात सन्नाटा. मले काही सुचलंच नाही म्हणून जेवणाचं विचारलं. रोज असं थोडीच निभन?" माझा हात हातात घेतला. "आईंनाही घेऊन चला. मोठं घर पाहू."

मुंबई. नऊचं बुलेटिन. एकवीस वर्षं जे मागायची हिंमत झाली नाही ते ही पोरगी जिन्यात उभी राहून देतेय. आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

सोमवारपर्यंत सांगते म्हटलं.

२८ फेब्रुवारी

दुर्गेशचा शेवटचा दिवस. जाताना माझा माइक फडक्यानं पुसला, बटण दोनदा दाबून बघितलं. "चालते, ताई," म्हणाला. "आता नाही जाणार."

३ मार्च, सोमवार

लाइन गेली नव्हती. प्रश्न मी मोठ्यानं बोलत होते, खोलीत सगळ्यांना ऐकू जात होते. अंगठा बटणावर नुसता ठेवला होता. दाबला नव्हता. अकरा मिनिटं. ती पडावी म्हणून. इथे, या वहीतसुद्धा खोटं लिहिलं.

सकाळी गिरिधर सरांच्या टेबलावर हेच लिहून ठेवलं, सहीनिशी. दुर्गेशची चूक नाही, त्याला परत बोलवा. माझं जे करायचं ते करा. दुर्गेशच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. त्यानं दार लावून घेतलं.

आता मयुराला लिहिलं. सगळं, काही न वगळता. खाली एक ओळ — नाही म्हणशील, म्हणायलाच हवं, तरी विचारते : मला सोबत नेशील?