गोधडीवरचे तांदूळ

आई,

मनीला टोपलीत घालून राहुरीला गुरांच्या दवाखान्यात नेते आहे. सून माहेरी पळाली, असं यांना सांगू नका.

माझ्या गोधडीवर तांदूळ सापडले, तेव्हापासून तुम्ही डब्याला कुलूप लावलंत. ऐन दुष्काळात मी रेशनचे तांदूळ चोरून खाते, हे शेजारीही तुम्हीच सांगितलंत ना?

आज मनी त्याच गोधडीवरून उठली. तिच्या शेपटीखाली तसाच एक दाणा चिकटला होता आणि तो वळवळत होता. एवढं खाऊन ती हडकुळी का, तेही कळलं. तिच्या पोटात जंत आहेत.

यांना दाखवायला त्या दाण्यांची पुडी तुम्ही देवघरात बाळकृष्णामागे ठेवली आहे. मी हात लावलेला नाही. सोवळ्यात तुम्हीच काढा.

प्रेमला