विसाव्या मिनिटाला

प्रिय वन्सं,

कॉलेजात एका बाकावर बसून डबा खाणाऱ्या आपण दोघी. तुझ्या दादाशी लग्न झालं तेव्हा तुला चिडवायला मी ही हाक सुरू केली, आणि तीच राहिली. अक्षर वाकडं आलंय कारण कागद धरायला दुसरा हात नाही. डावा प्लास्टरमध्ये आहे. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

त्या दुपारचं तू फक्त त्याच्याकडून ऐकलंयस. आता माझ्याकडून ऐक. माझं काम तुला माहीत आहे, तू नाक मुरडायचीस. टोळाच्या पाठीला मेणाने काडी चिकटवून त्याला काचेच्या पेटीत, स्टँडवर, पंख्यासमोर टांगायचं. तोंडावर वारा लागला की तो तिथल्या तिथे उडत राहतो. सुरुवातीला रक्तातल्या साखरेवर. दरम्यान मेंदूमागची एक इवलीशी ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते, त्याने अंगातली चरबी मोकळी होते, आणि मग तो तास न् तास उडू शकतो. ती ग्रंथी काढलेला टोळही आधी तेवढ्याच जोरात उडतो, पण अर्ध्या तासाच्या आत पंख लुळे पडतात. चरबी असते अंगात, ती सोड म्हणून सांगणारं कुणी नसतं. त्या दिवशी मी असाच एक टांगला होता आणि विसाव्या मिनिटाला त्याच्या रक्ताचा थेंब घ्यायचा होता. म्हणून फोन खणात टाकला होता.

तुझ्या दादाने सतरा वेळा फोन केला. थेंब घ्यायला मी वाकले आणि तो प्रयोगशाळेच्या दारातून आत आला. "कोण आहे इथे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन मिनिटं थांब. त्याने केस धरून माझं डोकं पंख्याच्या पेटीच्या काचेवर आपटलं. काच फुटली. मी हात मध्ये घातला तर तो मागे पिरगाळला. मनगटातलं हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं. मग गळा. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, कपाळाचं रक्त तोंडात जात होतं. उजव्या हाताला स्टँडची लोखंडी दांडी लागली. ती मी त्याच्या कानशिलावर घातली.

तो गुडघ्यांवर कोसळला. गळा सुटला, श्वास आला. दार माझ्या उजवीकडे होतं आणि उघडं होतं. त्याने तोंडावर हात धरला आणि म्हणाला, "बास. आता बास." नऊ वर्षं हे मी म्हणत आलेय. मी पुन्हा मारलं. सगळा जीव एकवटून. त्याची दोन बोटं मोडली आणि त्यांच्यामागचा डोळा गेला.

इथल्या इस्पितळातली डॉक्टरीण म्हणते, भीतीने अंगात जे उसळतं त्याच्या भरात माणूस काहीही करतो. ताकद कुठून येते ते मला तिच्याहून जास्त कळतं. पण दार उघडं होतं, आणि ते मला दिसत होतं.

परवा कोर्टात माझा जबाब आहे. माझे वकील म्हणतात, एकच झटापट झाली असं सांगा, दुसरा फटका त्याच्याशिवाय कुणी पाहिलेला नाही. मी दोन्ही सांगणार आहे. भावाचा डोळा खरा कसा गेला ते तुला परक्या तोंडून कळू नये, म्हणून आधी तुला लिहिलं. त्याची माफी मी मागणार नाही, तुझी मागते. आणि आता जड बोलणं. तो सांगतोय, त्याआधी त्याने माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. गेल्या वर्षी तुझ्याच घरी त्याने माझी बोटं कपाटाच्या दारात चेमटली, तेव्हा तू खोलीत आलीस आणि आल्या पावली परत फिरलीस. तुला घाम फुटला होता, मी पाहिलं. तुलाही साक्षीला बोलावतील. माझ्या बाजूने बोलू नकोस, त्याच्याही नको. जे पाहिलंस तेवढं बोल. मला तुरुंग झाला तरी चालेल. पण त्या दिवशी खोलीत कुणीच आलं नव्हतं, असं तुझ्या तोंडून ऐकणं मला झेपणार नाही.

तुझीच,
आधी मैत्रीण, मग वहिनी