तिसऱ्या वळणाचे दगड

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि परवा कंपनीत तुमचं नाव पुन्हा निघालं. आपला टेस्ट ट्रॅक यंदा नव्याने बांधून काढला आहे, आणि त्याच्या तिसऱ्या वळणाला तुमचं नाव द्यावं असं वरच्या साहेबांच्या मनात आहे. मी तुमचा विद्यार्थी, शिवाय ते वळण मीच आखलेलं, म्हणून मला बोलावून म्हणाले, "तुम्ही हो म्हणा, की पाटी रंगवायला टाकतो." मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. खरं तर मला एक मिनिटही नको होतं.

तुम्ही मला टेस्ट रायडर म्हणून निवडलंत ती सकाळ आठवते. बासष्ट साल, कंपनी नवी, अप्रेंटिस शाळेत आम्ही तीस पोरं. मी कुरुळीचा, पायात मामाच्या जुन्या वहाणा. तुम्ही सगळ्यांना रांगेने ट्रॅकवर नेलंत आणि म्हणालात, "वळण आधी पायाने चालायचं, मग चाकाने." बाकीचे हसले. मी तिसरं वळण सात वेळा चाललो. दुसऱ्या दिवशी तुम्ही खिशातून खडू काढून डांबरावर एक आडवी रेघ मारलीत आणि मला एकट्याला सांगितलंत, "इथे ब्रेक. एक हात पुढे नाही, एक हात मागे नाही." पुढची चार वर्षं मी त्या रेघेवर जगलो. स्कूटर चालवायला कंपनीत माझ्यासारखा दुसरा नव्हता, हे तुमच्याखेरीज सगळे बोलून दाखवत. तुम्ही फार तर "हं" म्हणायचात. त्या "हं"साठी मी काय काय केलं असतं, ते आता आठवलं तरी स्वतःचा संताप येतो.

मग कंपनीच्या वर्धापनदिनाला स्कूटरची शर्यत ठरली. बाहेरचे पाहुणे येणार, फोटो निघणार. वळणांवर कोणी पडलं तर लागू नये म्हणून कडब्याचे भारे लावायचे ठरलं, आणि ते माझ्याच मामाने कुरुळीहून बैलगाडीने आणले. आदल्या दिवशी लावूनही झाले. शर्यतीच्या सकाळी मी ट्रॅकवर पोचलो तर मामा भारे पुन्हा गाडीत भरतोय, आणि तिसऱ्या वळणाच्या कडेने डोक्याएवढे दगड ओळीने मांडून त्यांना चुना फासणं चाललंय. तुम्ही तिथेच उभे होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

मामा तुम्हाला म्हणाला, "सायब, आमच्या गाड्याच्या घाटात बी म्होरं नांगरट मोकळी ठिवतो आमी. बैल चुकला तर त्यानं जायाचं कुठं? आन हितं तुमी दगूड मांडलाय."

"अहो, ही काय बैलगाड्यांची शर्यत आहे का?" तुम्ही म्हणालात. "पाहुण्यांना वाटेल गोठ्यात आलो. उचला तो कडबा."

"व्हय, उचलतो. पन भाचा हाय माझा त्यात."

तुम्ही घड्याळ बघितलंत. मी दहा पावलांवर उभा होतो आणि काही बोललो नाही, कारण तुम्ही सर होता आणि तो मामा होता.

शेवटच्या फेरीला मी पहिला होतो. तिसऱ्या वळणावर मागचं चाक घसरलं, स्कूटर एकीकडे गेली आणि मी उजव्या गुडघ्यावर त्या दगडांत. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. तीन महिने प्लॅस्टर, आणि नंतर जो पाय वाकेनासा झाला तो आजतागायत. दवाखान्यात तुम्ही एकदाच आलात, सहा मोसंबी घेऊन. "बोटं हलतायत ना?" विचारलंत आणि निघालात. तोवर तुमचा अहवाल वर गेला होता, हे मला महिन्याने कळलं. त्यात दगडांचा उल्लेख नव्हता, कडब्याचा नव्हता. एकच वाक्य होतं: चालकाच्या अतिउत्साहामुळे अपघात. त्या वाक्याने माझी टेस्ट रायडरची जागा गेली आणि मी ट्रॅकच्या देखभालीवर आलो. म्हणजे झाडू, डांबर, आणि वर्षातून दोनदा तेच दगड चुन्याने रंगवणं. चार वर्षं मी ते माझ्या हातांनी रंगवले, सर.

तुमच्या निवृत्तीच्या समारंभात मी दिलेली भेट तुम्ही विसरला नसणार. कँटीनमध्ये शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि मी लंगडत पुढे येऊन लाल कागदात बांधलेलं ते जड पुडकं तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही सगळ्यांसमोर सोडलंत. आत तिसऱ्या वळणाचा दगड, ताजा रंगवलेला. माझी अपेक्षा होती की सभा गप्प होईल. झालं भलतंच. आपले स्टोअरवाले उभे राहून ओरडले, "वा! कंपनीच्या पायाचा दगड!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पण तुम्हाला कळलं होतं. तुमच्या बोटांना चुना लागला, तो तुम्ही नव्या शालीला पुसलात आणि माझ्याकडे न बघता खाली बसलात. त्या दिवशी मी जिलेबी तीनदा मागून घेतली.

त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. मी तुमच्या चिंचवडच्या घरी भेटायलाही आलो नाही.

देखभालीवर असताना एक गोष्ट मात्र झाली. कंपनीच्या वाचनालयात परदेशी मासिकं यायची, ती मी शर्यतींच्या फोटोंसाठी चाळू लागलो. जुन्या फोटोंत रस्त्याला लागून झाडं, घरांच्या भिंती, खंदक, आणि हात लांबवला तर गाडीला लागेल इतकी जवळ उभी माणसं. कडेला गवताचे भारे. पुढच्या अंकांत भारे काढून टाकलेले, कारण गाडी पेटली की तेही पेटतात. हे वाचून मला तुमचा जास्तच राग आला. उद्या कोणी म्हणेल, बघा, सरांनी कडबा उचलला ते बरोबरच होतं! तुम्ही आगीसाठी नव्हता उचलला, फोटोसाठी उचलला होता. मग लोखंडी कठडे दिसू लागले, टायरांचे ढीग, खांबांना ताणलेल्या जाळ्या. माणसं मागे सरकली. आणि आता अलीकडे वळणाच्या बाहेर लांबच लांब खडीचा पट्टा, सैल पसरलेला. भरकटलेली गाडी त्यात रुतते आणि आपोआप थांबते. साहेब लोक फोटो बघून "काय डोकं आहे!" म्हणतात. मला ते चित्र बघून आमच्या बैलगाडा शर्यतीचा घाट आणि त्याच्यापुढची मोकळी नांगरटच आठवली. चालवणारा चुकणारच, असं धरून रस्ता आखायचा, एवढंच त्यात आहे. मामाला ते शाळेत न जाता ठाऊक होतं.

देखभालीतच वर चढत यंदा ट्रॅक नव्याने बांधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी ते दगड उपटून काढले. तिसऱ्या वळणाबाहेर चाळीस पावलं रुंद जमीन खणली आणि त्यात इंद्रायणीची बारीक खडी ओतली. गेल्या आठवड्यात एक नवा पोरगा भरधाव आत शिरला, घोट्यापर्यंत रुतला, कपडे झटकत हसत बाहेर आला. त्याला कोणी अतिउत्साही म्हटलं नाही. मी त्याला चहा पाजला. त्या खडीवर तुमच्या नावाची पाटी? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

आता राहिलं एवढंच. शेवटच्या फेरीत मी तिसऱ्या वळणाकडे आलो तेव्हा तुम्ही पाहुण्यांचा मांडव सोडून वळणापाशी येऊन उभे राहिला होता, हात पाठीमागे बांधून. चार वर्षांत तुम्ही माझ्यासाठी म्हणून कुठे आलात ते पहिल्यांदा. खडूची रेघ कधीच पुसली होती, पण ती जागा मला डोळे मिटून सापडायची. मी तिथे ब्रेक दाबला नाही. तीन हात पुढे गेल्यावर दाबला, तुम्ही बघत होता म्हणून.

हे पत्र जाणार तरी कुठे? सोमवारी मी साहेबांना सांगणार आहे की हे नाव नको. त्यांनी कारण विचारलं तर कडबा, दगड, अहवाल, सगळं सांगेन. एवढं शेवटचं सोडून.