कुंपण मी आखले होते

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, जेवणानंतर, मी संगणकाच्या पडद्यावर एक वेटोळ्याचे कुंपण आखले आणि तिथून माझे सगळे बदलले. कागदाची सुरुवात नावाने करा, असे वर्गाच्या बाईंनी बजावले आहे. पण खरी सुरुवात हीच आहे.

मी, मा दो-ह्यॉन, वय चोवीस, राहणार ओकचॉन, पार्सलांच्या गोदामात कामाला, हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. तब्येत ठणठणीत आहे आणि मरायचा विचार नाही. दबाव म्हणाल तर गोदामाच्या मालकाचा आहे. नव्या कामगाराने एक दिवस या मरणाच्या वर्गाला बसायचे, मृत्युपत्र लिहायचे आणि दहा मिनिटे लाकडी पेटीत झाकण लावून पडायचे, असा त्यांचा नियम आहे.

कलम एक. भाताचा कुकर आणि बँकेत असेल ते आईला. आई, पोरगा सुट्टीवर आलाय असे तू शेजारणींना सांगतेस. सुट्टी नाही. मी शिक्षण अर्धवट सोडले आहे. आता सांगून टाक.

कलम दोन. सायकल माझा खोलीसोबती ब्यॉन गू-साम याला. याने दोन वर्षे माझ्या नूडल्स खाल्ल्या आणि रिकामी पाकिटे फुगवून परत खोक्यात रचून ठेवली. म्हणून घंटी मिळणार नाही. घंटी मी आधीच काढून घेईन.

कलम तीन. ज्यांच्या खगोलशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी शिकत होतो, त्या प्राध्यापक नाम यांच्याकडे माझ्या नावाने माफी मागावी. त्यांनी माझा अपमान केला म्हणून मी गेलो, असे तिथे सगळे समजतात. झाले होते ते असे:

"दो-ह्यॉन, ते ताऱ्याचं चित्र पुन्हा काढून दाखव बरं. आणि कुंपणाची फाइल पाठव."

"सर, विश्वास नाही म्हणा ना सरळ!"

"अरे, फाइल मागितली, किडनी नाही मागितली."

"ठेवा तुमची प्रयोगशाळा तुमच्यापाशी!"

आणि मी तरातरा निघालो. सगळ्यांना वाटले, पोरगा मानी आहे. तो मान नव्हता, पळ होता. फाइल दाखवायची हिंमत नव्हती. त्या दिवशी तक यॉन-सॉ माझा कोट घेऊन बसथांब्यापर्यंत धावत आली होती. "वेड्या, थंडी किती आहे! सरांशी मी बोलते, ते चुकलेच," म्हणाली. माझ्यासाठी ती सरांशी भांडली. मी तिला भांडू दिले.

कलम चार. यॉन-सॉ माझी सनबे, म्हणजे प्रयोगशाळेतली वरिष्ठ. तिचा विषय म्हातारे तारे. तारा म्हातारा झाला की फुगतो आणि अंगावरची धूळ, वायू बाहेर सोडत राहतो. एकटा असेल तर ते सगळे साधारण गोल पसरते. जवळ जोडीदार तारा फिरत असेल, तर तो स्वतः दिसत नसला तरी त्याच्या ओढीने ती धूळ डासांच्या अगरबत्तीसारखी वेटोळी घेते. वेटोळ्यांमधल्या अंतरावरून तो किती वर्षांत फेरी मारतो तेही काढता येते. एका ताऱ्याला असा जोडीदार असावा, असे सनबेने चार वर्षे गणित मांडून काढले होते. चित्र काढायचे काम माझ्याकडे आले.

रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांतून येते ते अर्धेमुर्धे असते. मधल्या गाळलेल्या जागा संगणक भरतो, आणि प्रकाश कुठे शोधायचा ते आपण कुंपण आखून त्याला सांगतो. कुंपण मोकळे ठेवायचे, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ते तिच्या गणितातल्या वेटोळ्यावरून, अगदी चिंचोळे आखले. संगणकाने निमूटपणे आतला गोंगाट वेचून वेटोळे काढून दिले.

"दो-ह्यॉन! आहे रे तो! खरंच आहे!" ती खुर्चीवरून उडीच मारून उठली. मला रस्साभात खायला घेऊन गेली, स्वतःच्या वाडग्यातले मटण माझ्या वाडग्यात वाढले. मी मान खाली घालून जेवलो. दुसऱ्या दिवशी एकट्याने मोकळे कुंपण आखून पाहिले. एका बाजूला जरा जाड असलेला धुरकट गोळा, बस. जोडीदार नाहीच, असे नव्हे. माझ्या चित्रावरून तो आहे की नाही हे सांगता येत नाही, एवढेच खरे. मी हे कोणाला सांगितले नाही. प्रेम होते, हे बचाव म्हणून लिहीत नाही. प्रेम होते म्हणून तर जास्त लाज वाटते.

कलम पाच. ~~दोन्ही कुंपणे आणि दोन्ही चित्रे असलेली डिस्क माझ्या पिशवीत आहे. माझ्या मृत्यूनंतर ती तक यॉन-सॉ हिला द्यावी.~~

इथवर लिहिले तेव्हा वर्गात शेजारच्या खुर्चीवर बसलेले पी आजोबा माझ्या कागदात डोकावले. त्यांचे लिखाण कधीच संपले होते: दोन शेते आणि एक सून, अर्धे पान.

"पोरा, या मुलीची परीक्षा वगैरे झाली का?"

"आज आहे आजोबा. तेजॉनला, विद्यापीठात, दुपारी चार वाजता. परीक्षकांपुढे तोंडी. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सगळं त्या चित्रावर आहे."

"आणि तू मरणार कधी?"

"काय माहीत."

"मग हा कागद उशिरा पोचेल."

मी म्हणालो, "ती माझं तोंड पुन्हा बघणार नाही."

"नाही बघायची," आजोबा म्हणाले. "पण परीक्षकांनी चारचौघांत विचारलं, तर ती बिचारी कोणाचं तोंड बघेल?"

म्हणून कलम पाच खोडले आहे. डिस्क मी आजच, माझ्या हाताने देणार. परीक्षा पुढे जाईल, तिला परदेशात मिळालेली जागाही कदाचित जाईल, आणि हे कोणामुळे झाले ते तिला माझ्याकडूनच कळेल. कोट तिने आणून दिला तेव्हाच सांगायला हवे होते. पेटीत पडायला माझ्याकडे वेळ नाही.

ठिकाण: ओकचॉन. दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४, सकाळी अकरा चाळीस.

सही: मा दो-ह्यॉन

साक्षीदार १: कुक मि-ओक, वर्गशिक्षिका. सही माझ्यासमोर झाली. पेटीचा अनुभव घेतलेला नाही, सबब प्रमाणपत्र देता येणार नाही.

साक्षीदार २: पी छॉल-उंग, वय ७८. सही मी पाहिली. पोरगा पिशवी घेऊन उठला, बाईंना वाकून नमस्कार केला, आणि बाहेर जाऊन दार लावून घेतले.