पास्कालचा गुडघा

९ सप्टेंबर, ओमों

खोटं बोलले. पहिल्याच मुक्कामी! घरमालकीण मादाम वेसाद दारातच म्हणाली, "एकट्याच?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छे, पास्काल मागून येतोय. गुडघा दुखावलाय. दोन-तीन दिवसांत गाठेल मला."

कसला गुडघा! ठणठणीत आहे. जूनमध्ये त्याच गुडघ्यांवर घराबाहेर पडला. एकोणीस वर्षांचा संसार, आणि म्हणे, "मला आता हे जमत नाही, मिरेय." पायी चालायच्या या लांब वाटेवरचे सगळे मुक्काम त्यानेच ठरवले होते, जानेवारीत. दोघांचे. मी म्हटलं, मी का सोडू? नाकावर टिच्चून जाणार.

म्हातारीने नोंदणीच्या वहीत पाहिलं, मग माझ्याकडे. टेबलावर दोन ताटं मांडली. "आले तर असू दे," म्हणाली.

१० सप्टेंबर, नास्बिनाल

इथले लोक पुढच्या मुक्कामाला फोन करून ठेवतात – अमकी येतेय, सूप ठेवा. मला ठाऊक होतं, पण डोक्यातच आलं नाही. दारात पाय ठेवते तोच घरमालक ओगुस्त आतून ओरडला, "काय मादाम, नवऱ्याचा गुडघा काय म्हणतो?"

कपाळ माझं! "सूज उतरतेय," मी म्हटलं.

पुन्हा दोन ताटं. बटाटा आणि चीज घोटून आलिगो केला होता. ओगुस्त पळी उंच धरून तार ओढून दाखवत होता आणि शेजारच्या रिकाम्या ताटातही वाढायला निघाला. सगळे हसले. मीही हसले. मग खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडले. शेजारच्या पलंगांवर दोघी बेल्जियन बायका होत्या, आवाज करायची सोय नव्हती.

११ सप्टेंबर

दिवसभर पठार. गाई, दगडी कुंपणं, वारा. माणूस औषधाला नाही. मोठ्याने म्हणून पाहिलं – "तो मला सोडून गेला." एका गाईने मान वर केली. बाकीच्या चरत राहिल्या.

गाईंसमोर जमतं. माणसांसमोर काय होतं मला?

१२ सप्टेंबर, सें-शेली

आज एका बाईने मलमाची डबी दिली. "त्यांना रोज दोनदा चोळा, आणि चालायची घाई करू देऊ नका." घेतली! वर आभारही मानले. बावन्न वर्षांची बाई मी, शोभतं का हे?

१३ सप्टेंबर

दोन ताटं. लिहावंसं वाटत नाही.

१४ सप्टेंबर, एस्पालियों

सांगितलं.

इथली जोझेत दुसरं ताट ठेवायला लागली आणि मी तिचा हातच धरला. "नका मांडू. तो येणार नाही. गुडघा-बिडघा काही नाही हो. सोडून गेलाय मला."

टेबलावरच्या सुऱ्या थांबल्या. मला वाटलं, आता कुणीतरी फिसकन हसणार.

जोझेत खुर्ची ओढून शेजारी बसली. "माहीत आहे. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. वहीत एकच पलंग होता तुमचा. त्यांनी त्यांचा रद्द केला होता, सगळीकडचा."

"मग ताटं का मांडत होतात?"

"तुम्ही म्हणालात येतोय. आम्ही कोण नाही म्हणणारे?" आणि माझ्या पुढ्यात पाव सरकवत म्हणाली, "जेवा आता. हाडं दिसायला लागलीत."

इतकी लाज वाटली! आणि इतकं हलकंही वाटलं. सूप दोनदा घेतलं.

१५ सप्टेंबर

निघताना जोझेतला म्हटलं, वही दाखवा. त्याने कधी रद्द केलं ते बघायचं होतं.

चार फेब्रुवारी.

एप्रिलमध्ये मला बूट घ्यायला तोच घेऊन गेला होता. तीन दुकानं फिरवली. "नीट चालून बघ, मिरेय," म्हणाला. "वाटेत चावायला नकोत."